कमळबाय रडत नव्हती

कल्पिताला राग यायला एरवीही फार काही लागत नाही. रिक्षावाल्याने सुट्ट्यांऐवजी गोळी दिली तरी तिला पुरतं. पण त्या सकाळी आलेला राग वेगळा होता. तो आला तेव्हा ती एका आजोबांच्या डोळ्यात थेंब टाकत होती, आणि ते थेंब आजोबांच्या कानात गेले.

अलिबागच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ती बरीच वर्षं नोकरी करते. नावं पुकारायची, केसपेपर काढायचे, तपासणीआधी थेंब टाकायचे. थेंब टाकलेली माणसं डोळे मिटून बाकावर ओळीने बसतात. त्यांना वाचता येत नाही, फोन बघता येत नाही, म्हणून ती एकमेकांशी बोलतात. जगात आता अशी एवढीच एक जागा उरली आहे असं कल्पिताचं मत आहे. मधल्या रिकाम्या वेळात ती क्रोशा विणते. दवाखान्यातल्या टेलिफोनला, पाण्याच्या बाटलीला आणि डॉक्टरांच्या टॉर्चलाही तिने टोप्या घातल्या आहेत. डॉक्टर काही म्हणत नाहीत. त्यांना तिच्याशिवाय एकही केसपेपर सापडत नाही.

तर त्या सकाळी खिशातला फोन वाजला. सोसायटीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर अमिषाने काहीतरी टाकलं होतं. अमिषा मंडळाची सेक्रेटरी. लग्न होऊन कोपरखैरण्याहून इकडे आली, आणि आल्या आल्या आम्हाला सगळ्यांना सुधारायचं काम तिने अंगावर घेतलं. वर ठळक अक्षरात होतं, ‘एका धवलारणीची डोळ्यांत पाणी आणणारी सत्यकथा. एका निवृत्त कलेक्टरसाहेबांच्या लेखणीतून. अर्धवट सोडू नका.’

कल्पिताने अर्धवट सोडलं नाही. दुसऱ्या ओळीतच तिला आपली आई भेटली.

धवलारीण म्हणजे आगरी लग्नात धवले ही लग्नगीतं गाणारी, आणि गाता गाता सगळे विधी हाताखालून काढणारी बाई. कल्पिताची आई कमळबाय ही तसली धवलारीण होती. पंचक्रोशीतलीच नव्हे, चार खाड्यांपलीकडची माणसं तिला न्यायला होडी घेऊन यायची. आणि पंधराएक वर्षांपूर्वी, आई गेली त्या वर्षी, कल्पिताने तिच्यावर आपल्या ब्लॉगमध्ये लिहिलं होतं. ब्लॉगचं नाव ‘जमेल तसं’. त्यात क्रोशाचे नमुने होते, एसटीतली भांडणं होती आणि आई होती. तिने लिहिलेलं वाक्य तिला पाठ होतं: ‘आई गायला उभी राहिली की मांडवातली कुत्रीसुद्धा सरकून बसायची.’

फॉरवर्डमध्ये कुत्री नव्हती. तिथे लिहिलं होतं, ‘माता गायला उभी राहताच सारा मांडव नतमस्तक व्हायचा.’

पुढे तर कळसच होता. गाव तेच, नाव कमळच, डाव्या नाकपुडीतली चमकीसुद्धा तीच. पण ही कमळ उपाशी राहून दुसऱ्यांच्या लेकींची लग्नं गायची, पदराला डोळे पुसायची आणि घरी येऊन कंदिलाच्या उजेडात भावी कलेक्टरला अभ्यासाला बसवायची. शेवटी ती एका फाटक्या चटईवर हात जोडून मरत होती. मग बोध होता. आईवडील आहेत तोवर त्यांना वेळ द्या, वगैरे. आणि खाली हात जोडल्याची चित्रं, ओळच्या ओळ.

कल्पिताची आई हात जोडून मेली नव्हती. ती सिव्हिल हॉस्पिटलच्या कॉटवर, सलाईन नीट न लावणाऱ्या वॉर्डबॉयला तोंडावर बोलत बोलत गेली होती. शेवटचं वाक्य अर्धंच राहिलं, पण ते कुठे चाललं होतं ते सगळ्या वॉर्डाला कळलं होतं.

“बाई, कानात गेलं,” आजोबा म्हणाले.

“जाऊ दे. सगळ्यांचंच सगळं भलतीकडे चाललंय,” कल्पिता म्हणाली, आणि ग्रुपवर लिहिलं, ‘हे मी लिहिलंय. ही माझी आई आहे.’

लगेच अंगठे आले. मग तळमजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, ‘खरंच, प्रत्येकीला आपलीच आई वाटते.’ कुणीतरी लिहिलं, ‘ताई, तुम्हीपण असं छान लिहीत जा.’ आणि अमिषाने लिहिलं, ‘कल्पिताताई, एवढं इमोशनल आहे ना, मी रविवारी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हेच वाचणार आहे. माइक सांगितलाय.’

रविवार. माइक. सबंध सोसायटी आणि बाहेरच्या पाहुण्या. एकदा माइकवरून आई रडली की ती कायमची रडणार, एवढं कल्पिताला स्वच्छ दिसलं. पंधरा वर्षांनी कमळबायला ओळखणारी माणसं तशीही हाताच्या बोटांवर. उरलेल्यांना ही चटईवरचीच खरी वाटणार.

संध्याकाळी ती अमिषाच्या दारात गेली.

“अमिषा, ते वाचू नकोस. त्यातली बाई खोटी आहे.”

“असं कसं ताई, सत्यकथा लिहिलंय की वर.”

“मूळ लेख माझा आहे. माझ्या ब्लॉगवर आहे.”

“मग सिंपल आहे ना. लिंक टाका. मी तुमचं नाव घेऊन वाचते.”

पण लिंक टाकून काही दिसलं नसतं. ब्लॉगला कुलूप होतं. त्या काळी तिने नवऱ्याच्या आत्यांवर एक लेख लिहिला होता. आत्या दोन दिवसांसाठी येऊन पाऊस संपेपर्यंत कशा राहतात, असा निरुपद्रवी विषय. आत्यांच्या दुबईच्या मुलाने तो त्यांना फोनवरून वाचून दाखवला. घरात असं वादळ झालं की विनेश, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला, “बंद कर ते. निदान लपव तरी.” तिने लपवलं. मग नोकरी, सासऱ्यांचं आजारपण, मुलीची बारावी, आणि ब्लॉगचं नाव सार्थ झालं. जमेल तसं म्हणता म्हणता जमलंच नाही.

“तुझ्यामुळे,” तिने घरी येऊन विनेशला सांगितलं. तो कंपनीतून पहिली पाळी करून येऊन वाल सोलत बसला होता.

“आत्या गेल्या ना आता,” तो म्हणाला. “उघड की.”

पासवर्ड आठवेना. आईचं नाव टाकून पाहिलं, मुलीचं, पहिल्या सायकलचं. विनेशचं टाकलं नाही, ते तिने कधीच ठेवलं नसतं. सोसायटीत बातमी पसरली होती, त्यामुळे सल्लेही आले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त तारमास्तर म्हणाले, मोबाईल बंद करून चालू करा. काकू म्हणाल्या, पालीला बल्लाळेश्वराला जाऊन या, हरवलेलं सापडतं. त्यांची बांगडी सापडली होती. विनेशने विचारलं, “तुझ्या लेखात असं काय होतं? परत लिही.” तेव्हा तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो वाल घेऊन गॅलरीत गेला.

शेवटी ब्लॉगच्या कंपनीने स्वतःच विचारलं, तुमच्या जुन्या मोबाईलवर कोड पाठवू का? नंबराचे शेवटचे आकडे दाखवले. ते ना तिचे होते ना विनेशचे. कल्पिता त्या आकड्यांकडे बघत राहिली आणि हळूहळू तिला सगळं आठवलं. मग तिने एक शब्द उच्चारला. तो इथे लिहीत नाही. तो आईचा होता.

तो नंबर दिपेशचा होता. त्या काळी एसटी स्टँडजवळ दिपेशचं सायबर कॅफे होतं. बायकांकडे तेव्हा स्वतःचा मोबाईल कुठला. ईमेल उघडायला गेलं की दिपेश विचारायचा, “नंबर?” बाई गप्प. मग तो उदारपणे म्हणायचा, “राहू दे ताई, माझा टाकतो.” अशा रीतीने निम्म्या तालुक्याच्या खात्यांची चावी एका माणसाच्या खिशात गेली, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट किती मदत करतो पोरगा, असं नाव झालं. पुढे सायबर बुडालं आणि दिपेश आगरदांड्याला आपल्या घरी परत गेला. जेट्टीवर दिघीच्या फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग लागते, तिथे त्याने खानावळ टाकली.

नंबर अजून चालू होता. कल्पिताने फोन केला.

“दिपेश, आता तुझ्या फोनवर एक कोड येईल. तो मला सांग.”

पलीकडून थंड आवाज आला. “कोण बोलतंय?”

“अरे मी कल्पिता. क्रोशावाली. तुझ्या सायबरच्या माऊसला टोपी केली होती मी.”

“असं सगळेच बोलतात,” दिपेश म्हणाला. “मॅडम, ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो. पोलिसांनी शिबिर घेतलं होतं आमच्याकडे. मी पहिल्या रांगेत होतो.”

“पण तो माझा ओटीपी आहे.”

“म्हणूनच. तुमचा ओटीपी मी कुणालाही सांगणार नाही. तुम्हालासुद्धा नाही. आधार घेऊन समक्ष या.”

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, विनेशच्या मोटारसायकलवर बसून, रेवदंड्याचा पूल, काशीद, मुरूड असे सगळे धक्के खात कल्पिता आगरदांड्याला पोहोचली. वाटेत लोक समुद्र बघायला थांबले होते. तिने समुद्राकडे ढुंकून पाहिलं नाही. राग सांडला असता.

दिपेश आता टक्कल पडलेला, गळ्यात टॉवेल टाकलेला खानावळवाला झाला होता. त्याने आधार कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

“यावर कल्पिता विनेश आहे. खात्याचं नाव कल्पिता कमळ दाखवतंय.”

“कमळ माझी आई. लिहिण्यासाठी मी तिचं नाव लावलं होतं.”

“आईचं नाव कोण लावतं?”

“मी लावते. तुला काय करायचंय?”

“मला काही नाही. पण नियमाने जुळत नाही.” तो गंभीर झाला. “जेवून घ्या. रेंज आली की बघू. फेरी दिघीच्या बाजूला गेली की इथे रेंज बरी येते.”

हे खरं की खोटं ते कल्पिताला आजपर्यंत कळलेलं नाही. पण ओटीपी त्याच्या हातात होता, म्हणून ती जेवायला बसली. आत चुलीपाशी दिपेशची आई केसरबाय होती. ऐंशीच्या घरातली, काटक, कुणी मदतीला आलं की डाव उगारणारी. तिने मांदेलीचं कालवण वाढलं. कल्पिताने भातावर घेतलं आणि ते ताटाच्या कडेपर्यंत धावत गेलं. विनेशने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. कल्पिताने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला. ओटीपी मिळेपर्यंत सगळं चविष्ट होतं.

फेरी गेली, रेंज आली, कोडही आला. पण दिपेश तो तिला दाखवेना. “तुम्ही तिकडे तोंड करा. मीच टाकतो.” कल्पिता भिंतीकडे तोंड करून, शाळेत शिक्षा झाल्यासारखी उभी राहिली. दिपेशला जवळचं दिसत नव्हतं. चष्मा त्याने घेतला नव्हता, कारण चष्म्याने माणूस म्हातारा दिसतो. त्याने कोड डोळ्यांपासून हातभर लांब धरून टाकला. चुकला. पुन्हा मागवला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा त्याने आठाचे तीन केले. पडद्यावर लिहून आलं, फार वेळा प्रयत्न झाले आहेत, काही दिवसांनी या.

“डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते मी,” कल्पिता भिंतीकडे बघतच म्हणाली. “दिपेश, माझ्याकडे ये एकदा. मी स्वतः थेंब टाकीन. दोन्ही डोळ्यांत. बाटलीभर.”

“ताई, रागावू नका. एवढं काय आहे त्या खात्यात?”

तेव्हा तिने सांगितलं. दिपेशचे डोळे विस्फारले. “ती धवलारणीची गोष्ट? ती तुमची आई? मी रडलो हो ती वाचून. गिऱ्हाइकांना वाचून दाखवली.” आणि त्याने फोन हातभर लांब धरून पुन्हा मोठ्याने वाचायला सुरुवात केली. उपाशी कमळ, पदर, कंदील. चटईपाशी त्याचा आवाज कापला.

आतून डाव आपटल्याचा आवाज आला.

“कंची कमल?” केसरबाय दारात येऊन उभी होती. “ती चमकीवाली? रेवसकडची?”

“हो,” कल्पिता म्हणाली. “माझी आई.”

“ती ररनारी नाय,” केसरबाय म्हणाली. “ती ररवनारी व्हती. माज्या पोरीच्या लग्नात वराकरच्यांनी तिला आनली. दुसऱ्या दिवशी मच्छीचं जेवान. जेवली, हात धुतला नि सगल्या मांडवाम्होरं माज्यावर गानं म्हनली.” आणि म्हातारीने, डाव हातात धरून, रागारागाने ते गाणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं:

केसर विहिनीचं कालवन गो,
त्यान दिसतंय आभाल गो,
येकली मांदेली पवतंय गो,
पकरायला टाका जाल गो.

कल्पिताने हे गाणं कधी ऐकलं नव्हतं. पण ती चाल, तो ‘गो’वर मारलेला ठोसा, विहिणीला जाळ्याने मासा शोधायला लावणं, हे सगळं आईचं होतं. ब्लॉगमध्ये नव्हतं, फॉरवर्डमध्ये नव्हतं. या म्हातारीने चाळीस वर्षं ते रागापोटी जपून ठेवलं होतं.

“केसरबाय, उद्या आमच्याकडे चला. हे असंच सगळ्यांना सांगा.”

“येन. पन येक हाय.” केसरबायने डाव तिच्याकडे रोखला. “तू आता माजं कालवन खाल्लंस. थितं सगल्यांम्होरं सांगाचं, पातल नाय म्हनून.”

कल्पिताने मान हलवली. ती होकाराची की नुसतीच हलली, हे तिने मुद्दामच स्पष्ट केलं नाही.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये बायका तिळाच्या वड्या घेऊन खुर्च्यांवर बसल्या होत्या. केसरबाय पहिल्या रांगेत, नऊवारी नेसून, कुणाशी न बोलता. अमिषाने माइक हातात घेतला, मागे मंद संगीत लावलं आणि वाचायला लागली. चटईपर्यंत येता येता हॉलमध्ये रुमाल निघाले. तळमजल्यावरच्या काकू तर आधीपासूनच तयारीत होत्या.

“खोटं,” केसरबाय म्हणाली.

अमिषाला वाटलं माइकचा आवाज आहे. तिने माइकवर टिचकी मारली.

“खोटं म्हनते मी. त्या बाईच्या डोल्याला पानी मी तरी पायलेलं नाय. दुसऱ्याच्या डोल्याला कारायची ती.” आणि केसरबाय उठून उभी राहिली आणि गायली. म्हातारीला माइक लागला नाही. मंद संगीत बिचारं मागे तसंच वाजत राहिलं.

मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. पेणची एक सून म्हणाली, आमच्याकडे सासूच्या नथीवर गायलं होतं. दुसरी म्हणाली, माझ्या काकीने तर भर मांडवात जेवण टाकून दिलं होतं अशा गाण्यावरून. रुमाल आत गेले. सगळ्याजणींना आपापल्या घरातला एकेक जुना अपमान आठवला आणि त्या भराभर एकमेकींना सांगू लागल्या. दवाखान्याच्या बाकावर बसल्यासारख्या.

“ताई, हे कार्यक्रमात नव्हतं,” अमिषा म्हणाली. “आणि यातून बोध काय घ्यायचा?”

“बोध नाहीये. वडी घे,” कल्पिता म्हणाली.

पण केसरबाय बसली नव्हती. ती वळली. “आता तू सांग गो. काल जेवलीस ना? माजं कालवन पातल हाय?”

कल्पिता उभी राहिली. मुरूडच्या पलीकडून एवढ्या लांब, या वयात, मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून ही बाई तिच्या आईसाठी आली होती. नाही म्हणायला काय जात होतं? एक शब्द. म्हातारी खूश होऊन घरी गेली असती. आणि त्या एका शब्दाने आई खोटी पडली असती. कलेक्टरच्या आईसारखी दुसरी एक खोटी आई.

“पातळ आहे, केसरबाय,” ती म्हणाली. “माफ करा. आभाळ दिसतं.”

दिपेशने दारात डोक्याला हात लावला.

“हीच,” केसरबाय सगळ्या हॉलला उद्देशून म्हणाली. “हीच जीब. कमलचीच पोर ही.” कल्पिताने पुढे केलेली तिळाची वडी तिने घेतली, तोंडात टाकली आणि म्हणाली, “घेते. पन ग्वार बोलनार नाय.” आणि खरंच, जाईपर्यंत ती कुणाशी एक शब्द बोलली नाही.

त्या संध्याकाळी कल्पिताने जुन्या खात्याचा नाद सोडला. नवीन उघडलं, स्वतःच्या नंबरावर. विनेशने चहा केला आणि ‘आत्यांवर पुन्हा लिहिलंस तरी चालेल’ असं पुटपुटला, हीच त्याची माफी. तिने सगळं लिहिलं. कुत्री, सलाईन, वॉर्डबॉय, गाणं आणि पातळ कालवण. शेवटी बोध लिहिला नाही. फॉरवर्डला हजारो हात जोडले गेले होते. हिच्या लेखाला आठवडाभर कुणी बोटही लावलं नाही. अमिषाने फक्त ‘नाइस’ म्हटलं, तेही जिन्यात.

मग एक प्रतिक्रिया आली. दिपेशच्या नावाने. त्याने चष्मा घेतला असावा, कारण एकही अक्षर चुकलं नव्हतं.

‘आईला वाचून दाखवलं. आई म्हणते, आता खरं सांगते. त्या दिवशी कालवण पातळ होतं ते होतंच. पण त्यात मीठही कमी होतं. ते तुझ्या आईला कळलंच नाही.’

कल्पिताने ते दोनदा वाचलं. कमळबाय मिठागरात जन्मलेली. तिच्या बापाचं आगर, आजाचं आगर. चालायला लागली ती मिठाच्या राशीवरून. नुसतं बोट ओलं करून जिभेवर ठेवलं की कुठल्या आगराचं मीठ ते सांगणारी बाई. आणि तिला मीठ कळलं नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या बाकावर थेंब टाकलेले लोक ओळीने बसले होते. क्रोशाची सुई टेबलावर पडून होती. डॉक्टरांनी आतून हाक मारली, “कल्पिताबाई, पुढचा पेशंट.”

“थांबा जरा,” ती फोनवर बोटं आपटत म्हणाली. “मी कामात आहे.”